मागं वजन पाहिजे

आमच्या पिकअपला पुढे केबिनमध्ये तीन माणसांची जागा होती आणि मागे उघडा हौदा. पुढे पुरुष बसत. मागे टोमॅटोची कॅरेट, खताच्या गोण्या, कडबा आणि बायका. हा नियम कुणी केला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न असो, दहावा असो, दवाखाना असो, केबिनचं दार पुरुषांसाठी उघडायचं आणि आम्ही चाकावर पाय देऊन मागे चढायचो. डिंगोऱ्याकडच्या या घरात मी लग्न करून आले तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते माझ्या आईला मागे बसवलं त्या दिवसापासून.

राग धरून ठेवू नये, असं मला पुढे पुष्कळांनी सांगितलं. कीर्तनाला जाऊन आलेल्या बायकांनी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, एकदा तर बँकेतल्या साहेबानंही सांगितलं. मी धरून ठेवला आणि मला तो चांगला मानवला. त्या रागावर मी गाडी चालवायला शिकले, एक गाडी विकली आणि दुसरी घेतली.

पिकअप तेव्हा एकत्र कुटुंबाची होती. कारभार थोरल्या दिरांचा. माझे मालक स्टिअरिंगवर असत आणि दीर खिडकीशी बसून गाडी कुठे जाणार, कुठे थांबणार आणि कोण कुठे बसणार ते ठरवत. दीर वाईट माणूस होते असं नाही. असते तर बरं झालं असतं. ते टापटिपीचे, कामाला वाघ, देवाधर्माचे. फक्त त्यांच्या डोक्यात माणसांच्या जागा पक्क्या होत्या आणि त्यात माझ्या आईची जागा शेवटून पहिली होती.

माझं माहेर घोडेगावच्या पुढे, डिंभे धरण ओलांडून डोंगरात. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच येते. तिथून वर लाल मातीचा, दगडगोट्यांचा चढ. वडील मी लहान असतानाच गेले. मला भाऊ नाही. आईनं एकटीनं भाताची खाचरं राखली, माझं लग्न लावून दिलं आणि परत वर जाऊन खाचरात उभी राहिली.

माझ्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो मामाचा. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामानं बाळाला कपडे आणायचे, मांडीवर घ्यायचं, आणि त्या दिवशी मामाचा मान सगळ्यांच्या वर. गाडीत पुढची जागा मामाची, पंगतीत पहिलं ताट मामाचं. आईनं निरोप पाठवला, "मामा न्हाई तर मी हाय. मीच मामा." सासूबाईंनी उलट निरोप धाडला, "इहीणबाई, तुमच्याच मांडीवर काढू." मला इतका आनंद झाला की मी आठवडाभर गुणगुणत भाकऱ्या थापल्या.

आई आदल्या दिवशी आली. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, काखेत पिशवी. पिशवीत बाळाचं अंगडं-टोपडं आणि चांदीचे वाळे. ते वाळे तिनं कशातून केले ते मी विचारलं नाही, कारण तिच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ दिसत नव्हती.

सकाळी पिकअप अंगणात लागली. आमचं कुलदैवत एका टेकडीवर. शेवटचा चढ मुरमाचा, सुटा. हौद्यात आधी भांडी गेली, मग लाकडं, मग जेवणाचा बोकड दावं लावून हौद्याच्या मागच्या फाळक्याशी बांधला. आई नवं लुगडं नेसून, बाळाला कडेवर घेऊन केबिनच्या दाराशी उभी राहिली. तिला कुणी तिथे उभं राहायला सांगितलं नव्हतं. तिचा मान होता म्हणून ती उभी होती.

तेवढ्यात थोरल्या दिरांचा मेव्हणा मोटारसायकलवरून आला. म्हणजे माझ्या जावेचा भाऊ. माझ्या मुलाचा तो कुणीच नव्हे. दिरांनी त्याचा हात धरला, त्याला मध्ये बसवलं, स्वतः खिडकीशी बसले, आपल्या पोराला मेव्हण्याच्या मांडीवर दिलं. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या आईकडे बघून म्हणाले, "मावशी, तुमी मागं बसा. चढ लई वाईट हाय. मागं वजन पाहिजे, न्हायतर चाक जाग्यावर फिरतंया."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर मला जास्त झोंबलं. रिकामी पिकअप सुट्या मुरमावर चढत नाही. मागची चाकं गरगरतात. म्हणून चढ आला की गोण्या टाकतात, दगड टाकतात, नाहीतर माणसं बसवतात. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं. आईनं बाळ माझ्याकडे दिलं, चाकावर पाय ठेवला आणि हौद्यात चढली. सासूबाईही मागेच होत्या, जाऊही मागेच, मीही मागेच. म्हणजे तक्रार करायची तरी कशी? मोकळी जागा उरली होती ती बोकडाशेजारी. आई तिथे बसली. टेकडी येईपर्यंत बोकड तिच्या नव्या लुगड्याचा काठ चघळत होता आणि ती तो सोडवून घेत होती.

टेकडीवर पोचलो. दीर उतरले, मेव्हणा उतरला. दोघांनी मागे येऊन बोकडाला अलगद उचलून खाली घेतलं, पाय मोडू नये म्हणून. "हळू, हळू," दीर म्हणत होते. बोकड उतरला आणि ते त्याला घेऊन गेले. फाळका पाडायचं कुणाला सुचलं नाही. माझे मालक चाकाखाली दगडाची उटी लावत होते. आम्ही तरण्या बायका उड्या मारून उतरलो, सासूबाईंना आम्ही दोघींनी धरलं, आणि मी वळेपर्यंत आई एकटीच चाकावरून उतरायला गेली. लुगडं फाळक्याच्या कडीत अडकलं, फाटलं आणि ती गुडघ्यावर पडली. कुणी हसलं नाही. कुणी बघितलंच नाही.

जावळ मेव्हण्याच्या मांडीवर काढलं. सासूबाई "आरं पन—" एवढंच म्हणाल्या. दीर म्हणाले, "बाप्या मानूस आलाय आता, मंग बाईच्या मांडीवर कशाला?" आईनं अंगडं-टोपडं आणि वाळे त्या मेव्हण्याच्या हातात दिले, त्यानं ते बाळाला घातले. फोटोतही तोच आहे. मी तो फोटो कधी भिंतीला लावू दिला नाही.

पंगत बसली तेव्हा आई निघाली. सासूबाईंनी आग्रह केला. आई म्हणाली, "बोकडानं माझ्यासंगं परवास केलाय. त्याला खाऊ कशी?" आणि टेकडी उतरून, लंगडत, एसटीच्या रस्त्याकडे चालत गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या घरच्या गाडीत आता मी बसनार न्हाई." आई बोलली की बोलली. ती परत आमच्या घरी आली नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा आली नाही, निरोप पाठवून रडली.

त्या टेकडीवर मी मनाशी जे म्हटलं ते देवासमोर म्हणण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, या माणसाला मी मागे बसवीन. हौद्यात, कोंदट कोपऱ्यात, कुठेही, पण मागे. आणि माझी आई पुढे बसेल, आणि त्यानं ते बघितलं पाहिजे.

काही वर्षांनी वाटण्या झाल्या. विहिरीकडचं रान दिरांनी घेतलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "पिकअप तुमी घ्या." ती तोवर इतकी खिळखिळी झाली होती की सकाळी तिला दोन जणांनी ढकलावं लागे. माझे मालक हिरमुसले. मी मात्र त्या रात्री पोटभर जेवले. गाडी माझ्या दारात आली होती.

मी चालवायला शिकले ती ऊस तुटून गेलेल्या रानात. मालक शेजारी बसून ओरडायचे, "क्लच! क्लच!" आणि मी दात खाऊन गिअर टाकायचे. समोर मला नेहमी एकच पाठ दिसायची, पांढऱ्या सदऱ्यातली, मेव्हण्याचा हात धरून केबिनमध्ये चढणारी. नारायणगावच्या बाजारात मी पहिल्यांदा टोमॅटो घेऊन गेले तेव्हा हमाल थांबून बघायला लागले. एक म्हणाला, "बाई, नवरा कुटं हाय?" मी म्हटलं, "मागं बसलाय." आणि खरंच, मालक मागे कॅरेट धरून बसले होते. ते बिचारे हसत होते. त्यांना कुठेही बसवा, ते हसतात. त्यांच्यावर सूड उगवण्यात काही अर्थ नव्हता.

खरं गिऱ्हाईक एकदाच हाती आलं होतं. दिरांची मोटारसायकल बंद पडली आणि त्यांना जुन्नरला जायचं होतं. मी मुद्दाम शेजारच्या दोघी जावा-जावांना केबिनमध्ये बसवलं. दीर आले, केबिनमध्ये डोकावले. मी म्हटलं, "दादा, पुढं जागा न्हाई. मागं बसता का?" त्यांनी हौद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एसटी येईल आत्ता." भर उन्हात ते थांब्यावर उभे राहिले, पण मागे बसले नाहीत.

त्या दिवशी मला कळलं की पिकअपनं माझं काम होणार नाही. जिथे एसटी जाते तिथे हा माणूस निसटणार. मला अशी गाडी हवी होती की जी एसटी जात नाही तिथे जाईल, आणि दिरांची कोणतीही गाडी जात नाही तिथे जाईल. आणि असा रस्ता मला ठाऊक होता. माझ्या माहेराचा चढ. पिकअपही तिथे पावसाळ्यात चढत नसे, मागे वजन टाकलं तरी.

मालकांना मी खरं कारण सांगितलं नाही. मी सांगितलं की पावसाळ्यात भीमाशंकरकडे फिरायला येणारी माणसं वाढलीत, डोंगरातल्या शाळांचे मास्तर रोज जीप शोधतात, चारी चाकांना जोर असलेली गाडी घेतली तर धंदा होईल. ते म्हणाले, "आन् माल?" म्हटलं, "भाड्याच्या टेम्पोनं." ते म्हणाले, "एवढी चांगली गाडी इकायची?" चांगली! तिचं दार तारेनं बांधलेलं होतं. ओतूरकडचा एक जण तिला न्यायला आला तेव्हा मालकांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि गोठ्यात निघून गेले. मीही हौद्याच्या त्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं, जिथे बोकड बांधला होता. कडी तशीच होती. माझ्या डोळ्यात पाणीबिणी आलं नाही.

नवी गाडी म्हणजे जुनीच, पण दणकट. उंच, चौकोनी, चारी चाकांना जोर देणारी वेगळी दांडी असलेली. मंचरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ती उभी होती. मालक इंजिनावर कान ठेवून ऐकत होते. मी मागचं दार उघडून आत चढले आणि मागच्या बाकड्यांवर बसले. समोरासमोर दोन आडवी बाकडी. पाठ सरळ, गुडघे हनुवटीला, आणि डोकं टपाला. दगडावरून गेली तर माकडहाड सांगेल, अशी बैठक. दुकानदार म्हणाला, "ताई, मागं जरा कडक हाय. फोम टाकून देतो." मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "आन् हे दार आतून उघडत न्हाई, ह्यांडल गेलंय. बदलून देतो." मी म्हटलं, "आजिबात नको." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या धंद्यात असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं असेल.

पुढच्या सीटला मात्र मी नवं कव्हर शिवून घेतलं आणि वरचं प्लॅस्टिक काढलं नाही. घरात सांगून टाकलं की चालवणाऱ्याशेजारच्या जागेवर आई बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. मालक म्हणाले, "आगं, मी नवरा हाय तुझा." म्हटलं, "म्हनूनच मधी बसा, हवा चांगली लागते." ते मधल्या सीटवर बसले आणि हसले.

पहिल्याच पावसाळ्यात मी गाडी माहेरच्या चढाला घातली. दांडी टाकली, गाडी गुरगुरली आणि एकही चाक जाग्यावर न फिरता वर गेली. आईच्या ओसरीसमोर उभी केली तेव्हा गावातली पोरं जमली. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावला. मी पुढचं दार उघडून धरलं. छाती अभिमानानं फुटायची वेळ आली होती.

आई म्हणाली, "ग्वाड हाय गाडी. पन मी न्हाई बसनार."

"आई, मी तुझ्यासाठी घेतलीय!"

"तू कुटं मला मागं बसवलं व्हतंस? ज्यानं मागं बसवलं त्यानं पुढं बसवलं पाहिजे. तू बसवून काय व्हतं?"

आणि ती भात निवडायला बसली. परत येताना उतारावर मी रडले, रागानं. मला वाटलं होतं की मी या रागात एकटीच आहे. आई माझ्याही पुढे होती. पण मग मला बरंही वाटलं. आता नुसती गाडी पुरणार नव्हती. दिरांना इथवर आणावं लागणार होतं आणि त्यांच्या हातानं हे दार उघडावं लागणार होतं. ते कसं जमायचं, ते काही मला सुचत नव्हतं. वर्षं गेली. आईचे गुडघे बसत चालले. प्लॅस्टिक पिवळं पडलं आणि कडेला चिरलं. मी ते चिकटपट्टीनं जोडत राहिले.

जमवलं ते दिरांच्याच मुलानं. तोच, जो त्या दिवशी मेव्हण्याच्या मांडीवर बसून पुढे गेला होता. पोरगा गुणी निघाला, मला लळा लावून होता. अवसरीच्या कॉलेजात शिकला आणि तिथेच बरोबर शिकणारी एक मुलगी त्याला आवडली. घरी तोंड उघडलं तेव्हा म्हणाला, करीन तर तिच्याशीच. दिरांनी आधी आदळआपट केली, मग चौकशी केली, आणि चौकशीत कळलं की मुलगी माझ्या माहेरची. आईच्या भावकीतली, शेजारच्याच घरातली. तिच्या वडलांनी सांगून पाठवलं, "आमची काकी हाय हितं. तिची लेक त्या घरात दिलेली हाय. काकी हो म्हनली तर फुडं बोलू."

ती काकी म्हणजे माझी आई.

दीर जावेला आणि पुतण्याला घेऊन माझ्या दारात आले ते मी विसरणार नाही. वाटण्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या ओसरीवर पाय ठेवला. त्यांची स्वतःची गाडी होती, लांबलचक, चकचकीत, जमिनीला टेकलेली. ती घेऊन ते एकदा त्या चढाला गेले होते आणि पहिल्याच दगडाला खालून ठोका बसून परत आले होते. भाताची लावणी झाली होती, चढावर ओहोळ वाहत होते. "वयनी," ते मला म्हणाले. आयुष्यात कधी मला त्यांनी वहिनी म्हटलं नव्हतं. "तुमची गाडी लागंल."

मी म्हटलं, "गाडी काय, घरचीच हाय. पन तुमाला मागं बसावं लागंल, दादा."

ते अंगणात उभ्या गाडीकडे बघत राहिले. मधल्या सीटवर मालक, जाऊ आणि पुतण्या बसणार. माझ्याशेजारची जागा मोकळी, पिवळ्या प्लॅस्टिकची.

"फुडं तर मोकळंच हाय की."

"ती जागा आईची."

"ती येईस्तवर बसतो की."

"चढ लई वाईट हाय दादा," मी म्हटलं. "मागं वजन पाहिजे."

मी सांगते, ते ओळखलं त्यांनी. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. चारी चाकांना जोर असलेल्या गाडीला मागे वजन लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि ते तर गाड्यांचे जाणकार. पुतण्या म्हणाला, "काकू, मी बसतो मागं." मी म्हटलं, "तू नवरदेव. कपडे चुरगाळतील." दीर मागे गेले, नारळाच्या पिशवीशेजारी बाकड्यावर बसले. दार मी बाहेरून लावलं.

घोडेगावपर्यंत रस्ता चांगला होता, म्हणून मला मजा आली नाही. डिंभ्याच्या पुढे आली. मी एकही खड्डा चुकवला नाही. आरशात दिसायचं, दीर दोन्ही हातांनी टपाची दांडी धरून, मान वाकडी करून बसलेत, आणि नारळ त्यांच्या पायावर घरंगळतायत. जाऊ म्हणाली, "जरा हळू गं." मी म्हटलं, "हळू घेतली तर चढंल का?" मालकांनी खिडकीबाहेर बघत तोंडावर रुमाल धरला होता. त्यांचे खांदे हलत होते. शेजारची रिकामी सीट गाडीबरोबर हलत होती आणि प्लॅस्टिक चर्र चर्र वाजत होतं. इतका सुखाचा प्रवास मी परत केलेला नाही.

आईच्या ओसरीसमोर थांबलो. सगळे उतरले. रामराम झाले, पाण्याचा तांब्या आला, मुलीचे वडील आले. मागच्या काचेवर टकटक व्हायला लागली. मी जावेच्या पायावर पाणी घालत होते. टकटक वाढली.

आई म्हणाली, "गाडीत कोन ऱ्हायलंय गं?"

"मागं वजन आनलंय," मी म्हटलं.

आईनं काचेकडे बघितलं. काचेआड थोरल्या दिरांचा घामेजलेला चेहरा. तिनं तो नीट बघून घेतला. मग म्हणाली, "उघड." मी उघडलं. ते उतरताना त्यांचा पाय अवघडलेला होता, ते दाराला धरून उभे राहिले. आईनं त्यांना हात दिला नाही. मला फार बरं वाटलं.

घरात सगळे टेकले. मुलीनं शेजारच्या आपल्या घरातून चहा आणून ठेवला आणि दाराशी उभी राहिली, मान खाली न घालता. मुलीचे वडील सरळ विषयावर आले. "काकी, तुमी सांगा. घर कसं हाय?"

पुतण्या पुढे सरकून बसला.  त्याच्यावर माझा राग नव्हता. पण त्या क्षणी आईनं नाही म्हटलं असतं तर मी तिला अडवलं नसतं, हेही तितकंच खरं.

आई म्हणाली, "मला काय ठावं? मी एकदाच गेलते. पावण्यांनाच इचारा, मी त्यांच्या गाडीत कुटं बसलेवते."

सगळे दिरांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "मावशी, लई जुनी गोष्ट झाली ती."

"म्हनून तर इचारती. माझ्या ध्यानात हाय. तुमच्या हाय का बगती."

चहावर साय धरली. दीर कपाकडे बघत म्हणाले, "मागं."

"कुनाशेजारी?"

त्यांनी जावेकडे बघितलं. जाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"बोकडाशेजारी."

"आन् आदी खाली कुनाला घेतलं?"

 दाराशी उभी असलेली ती मुलगी टक लावून ऐकत होती. तिच्यासमोर त्यांना ते बोलावं लागलं.

"बोकडाला."

 आईनं कप उचलला, चहा बशीत ओतला, संपवला. मग म्हणाली, "खोटं न्हाई बोलला मानूस. तेवढं बरं हाय. आता मी सोता येते आन् घर बगते. बगून मंग सांगते. पन मला गाडीत बसवायला कोन येतंय?"

पुतण्या उठला. "आजी, मी—"

"तू बस बाळा. तवा तू लहान व्हतास."

थोरले दीर उठले. त्यांनी ओसरीवरून आईची पिशवी घेतली. गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. मी पळत जाऊन सीटवरचं प्लॅस्टिक ओढलं. इतक्या वर्षांचं ते, एका ओढीत फाटलं. खालचं कव्हर नवंकोरं होतं. आईनं लुगड्याचा काष्टा सावरला, एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. गुडघा उचलत नव्हता. तिनं हात पुढे केला, बघितलं मात्र नाही. दिरांनी तो हात धरला, दुसरा हात कोपराला लावला आणि तिला वर बसवलं. "हळू," ते म्हणाले. बोकडाला म्हणाले होते तसंच.

मग कुणी न सांगता ते मागे गेले आणि बाकड्यावर बसले. दार मी लावलं.

आईनं समोरच्या काचेतून सगळी खाचरं बघितली, लांब खालचं धरणाचं पाणी बघितलं. "हितनं समदं दिसतं गं," ती म्हणाली. "मला ठावंच नव्हतं." तिनं काचेखालच्या फळीवर तळहात फिरवला, खिडकीची काच वर-खाली करून बघितली. मी किल्ली फिरवली. समोर उतार होता. उताराला मागे वजन लागत नाही, हे आईला चांगलं ठाऊक होतं. तिनं मान न वळवता, मागे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मागं वजन हाय का गं?"

"हाय."

"मंग चल."